केमोनंतर काउंट पडलेत, घरी नेमकं काय बघायचं? (कोल्हापूर)

प्रश्न : गगनबावडा रोड

सासऱ्यांना लिम्फोमा आहे, वय 58. आर-चॉप केमोचा आज नववा दिवस. कालच्या सीबीसीत (रक्तातल्या पेशींच्या तपासणीत) पांढऱ्या पेशी 1200, न्यूट्रोफिल 30 टक्के, प्लेटलेट 85 हजार. गावापासून कोल्हापुरातलं हॉस्पिटल पाऊण तासावर, त्यात पाऊस. ताप किती आला की निघायचं? आधी पॅरासिटामॉल देऊन बघितली तर चालेल का? दारात दोन म्हशी आहेत आणि मामांना धारोष्ण दुधाची सवय आहे.

उत्तर : वॉर्ड सिस्टर

ताई, आधी हिशोब. 1200 चे 30 टक्के म्हणजे 360. हा एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा प्रत्यक्ष आकडा. रिपोर्टात बँड पेशी (अजून पूर्ण न वाढलेल्या न्यूट्रोफिल) वेगळ्या दिल्या असतील तर त्यांचे टक्केही यात मिळवायचे. 500 च्या खाली म्हणजे अंगात लढणाऱ्या पेशी जवळपास नाहीतच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट तळाला जातात, म्हणजे तुमचे पुढचे चार-पाच दिवस सगळ्यात नाजूक.

तोंडातला ताप एकदा जरी 101 फॅरनहाइट झाला, किंवा 100.4 तासभर टिकला, की निघायचं. तुम्ही लांब आहात, म्हणून 100.4 दिसताच फोन करा आणि गाडी काढा. तास मोजत बसू नका.

पॅरासिटामॉल आधी अजिबात नको. पू तयार होतो तो न्यूट्रोफिल पेशींमुळेच. त्याच नसल्या तर गळू पिकत नाही, न्यूमोनिया असला तरी कफ फारसा पडत नाही. ताप ही एकच खूण उरते. ती गोळीने पुसली की आतड्यातले जंतू रक्तात उतरलेले कळत नाहीत आणि काही तासांत बीपी कोसळतं. गावात कमरेत तापाचं इंजेक्शन देतात, तेही घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक असतं : ताप दबतो, प्लेटलेटचं काम बिघडतं, सुई टोचली तिथे गाठ धरते.

ताप सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना मोजा, आणि अंग कसकसलं की लगेच. चहा प्याल्यावर 15 मिनिटं थांबा. तोंड आलं असेल तर काखेत लावा, पण तो आकडा अर्धा ते एक अंश कमी येतो हे धरून चाला. गुदद्वारातून थर्मामीटर, एनिमा, सपोझिटरी काही नको, तिथली नाजूक त्वचा फाटली की जंतूंना वाट मिळते.

ताप नसतानाही हुडहुडी, बरळणं, लघवी कमी होणं किंवा धाप दिसली तरी निघायचं. आर-चॉपमध्ये पहिले पाच दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं, त्या दिवसांत ताप दबलेलाच राहतो, हे पुढच्या सायकलला लक्षात ठेवा.

उत्तर : होम केअर

धारोष्ण दूध बंद. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभ्याउभ्या पेला रिकामा करणाऱ्या माणसाला हे सांगणं जड आहे, पण पर्याय नाही. दूध उकळूनच द्या. पाणीही खळखळ उकळलेलं, पावसाळ्यात तर नक्कीच. तांबडा-पांढरा रस्सा उकळता असेल तर हरकत नाही, पण मिसळीवर वरून टाकलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीर नको.

मामांनी गोठ्यात जायचं नाही, वैरण हलवायची नाही, शेणाला हात नाही. ओलसर वैरणीत बुरशीचे कण असतात, काउंट नसताना ते फुप्फुसात रुजतात. हे लोकांना पटत नाही, म्हणून दोनदा सांगा. धार काढून आलेल्याने कपडे बदलून, साबणाने कोपरापर्यंत हात धुऊनच जवळ जायचं. बांगड्या, अंगठी काढून.

मिश्री बंद. मऊ ब्रश वापरा आणि दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या : एका कपभर कोमट पाण्यात पाव छोटा चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. अल्कोहोलचं माउथवॉश जळजळतं, ते नको. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा. जिभेवर, गालाच्या आत पांढरा थर दिसला तर कळवा.

भेटायला येणारे पाहुणे उंबऱ्याबाहेर. वाईटपणा तुम्ही घ्या, मामांना घ्यायला लावू नका.

उत्तर : वॉर्ड सिस्टर

एक भर. फळं सरसकट बंद करू नका. कडक पथ्याने संसर्ग कमी होतात असं दिसलेलं नाही, खरा फरक धुण्या-शिजवण्याच्या स्वच्छतेने पडतो. केळी, संत्रं, पपई धुऊन, घरी सोलून ताजी द्या. गाड्यावरची कापलेली फळं मात्र नाहीत.

हॉस्पिटलात ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका. थेट कॅज्युअल्टीत जाऊन एकच वाक्य : ‘केमोचा नववा दिवस, एएनसी 360, ताप आहे.’ आधी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी), आणि पोचल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

प्रश्न : गगनबावडा रोड

फिलग्रास्टिम (पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन) घरी द्यायला सांगितलंय. कोल्हापुरातून आणताना बर्फात ठेवू का?

उत्तर : होम केअर

बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं औषध वापरायचं नाही. आइस पॅकला टॉवेल गुंडाळून त्यावर डबा ठेवा. घरी फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत, फ्रीजरच्या खणाला न लावता. देण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, हलवू नका. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून, रोज जागा बदलून द्या. टोचलेल्या जागी चोळू नका, दाबून धरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंबर, मांड्या ठणकतात, हाडातल्या मगजात पेशी तयार होत असतात म्हणून. त्यावर गोळी द्यायची तर आधी ताप मोजा आणि डॉक्टरांना विचारा.