प्रशिक्षणानंतरचा पहिला आठवडा

प्रशिक्षणावर खर्च होतो, पण कामात फरक दिसत नाही, हा तुमचा मुद्दा अगदी पटला. खरी गळती प्रशिक्षण संपल्यावर होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच सर्वात झपाट्याने विसरलं जातं आणि अंतराअंतराने उजळणी केली तर जास्त टिकतं. म्हणून टीममधलं कोणी एक्सेलचं काही नवीन शिकून आलं, की त्याच आठवड्यातला खराखुरा रिपोर्ट मी त्यांच्याकडे सोपवते. शेजारी जाणकार सहकारी बसतो, पण माऊसला हात लावत नाही (हे फार महत्त्वाचं!). नंतर शिकणाऱ्यानेच ते दुसऱ्याला समजावून सांगायचं. अबोल माणसं इथेच खुललेली मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकीने तर पुढे सगळे मासिक रिपोर्ट स्वतःहून मागून घेतले.