शिवसेनेला ऊर्जेचं धोरण आहे, की नुसती 'नको'ची यादी?

लोडशेडिंग

जैतापूरचा अणुवीज प्रकल्प नको. नाणारची रिफायनरी नको. तीच बारसूला आधी चालेल, मग नको. आरेत मेट्रोचं कारशेड नको. एन्रॉनचा वीजप्रकल्प आधी समुद्रात, मग पुन्हा काठावर. शिवसेनेच्या तीस वर्षांच्या ऊर्जा आणि पर्यावरण धोरणाचा माझ्या मते एवढाच सारांश आहे. (फुटीआधीची सेना आणि नंतरचा ठाकरे गट धरतोय. शिंदे गटावर वेगळा धागा काढा, तिथेही येईन.)

१९९५ च्या प्रचारात युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा केली. सत्ता आल्यावर ऑगस्टमध्ये करार रद्द झाला आणि काही महिन्यांतच नव्या वाटाघाटी करून आधीपेक्षा मोठा प्रकल्प मंजूर झाला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ ला सुरू झाला तो नाफ्था या पेट्रोलियम इंधनावर. वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये वीज मंडळाने ती घेणंच बंद केलं.

नाणार त्याच्याही वरताण. मे २०१७ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना काढली उद्योग खात्याने, आणि उद्योगमंत्री होते सेनेचे सुभाष देसाई. मग पक्षानेच विरोधाचा झेंडा घेतला. मार्च २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, युतीच्या जुळवाजुळवीत अधिसूचना रद्द. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीच पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. मे २०२३ मध्ये, खुर्ची गेल्यावर, ते बारसू-सोलगावला जाऊन विरोधकांच्या बाजूने उभे. त्याच वेळी राजापूरचे त्यांचे आमदार राजन साळवी समर्थनात बोलत होते. आता कार्यकर्त्याने घोषणा कुठली द्यायची?

विरोध जरूर करा. पण जैतापूरचे ९,९०० मेगावॉट नको म्हटलं की तेवढी वीज दुसरीकडून येते, आणि महाराष्ट्रात 'दुसरीकडून' म्हणजे कोळसा. हवामान बदलावर इतकं बोलणाऱ्या पक्षाने हा हिशेब एकदा तरी मांडलाय का? सेनेच्या एखाद्या वचननाम्यात सापडला तर इथे डकवा.

सड्यावरचा

रिफायनरीतून वीज येते हे आजच कळलं. वर्षाला ६ कोटी टन कच्चं तेल शुद्ध करणारा कारखाना नको म्हणणं हवामानाच्या विरोधात कसं काय, समजावून सांगा. नाणार आणि जैतापूर एकाच पिशवीत कोंबू नका.

आणि आम्हाला कोणी पक्षाने शिकवून रस्त्यावर आणलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या गाड्या आल्या तेव्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पाय ठेववत नव्हता. तशा उन्हात बायका गाड्यांपुढे रस्त्यावर आडव्या पडल्या. कोणी डोक्यावरचा पदर भिजवून घेतला होता, कोणी पातेलं भरून पाणी फिरवत होतं. मागून अश्रुधूर. त्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत, युनेस्कोच्या संभाव्य यादीत बारसूचं नाव आहे. नेते आले नंतर, सगळ्या पक्षांचे. सेना आमच्या मागून आली, आणि मागून येणाऱ्याची पावलं वाकडी पडतातच.

कोकण सगळ्याला नको म्हणतं हेही खोटं. जयगडला कोळशावर चालणारा १,२०० मेगावॉटचा प्रकल्प २०१० पासून धडधडतोय. आंबेवाले मोहोरासाठी ओरडले, कोण आलं होतं विचारायला?

लोडशेडिंग

रिफायनरी वेगळी, मान्य. पण मग माझा मुद्दा आणखी पक्का होतो. जानेवारीत रिफायनरीसाठी पत्र आणि १३ मार्च २०२२ ला मुंबईचा हवामान कृती आराखडा. पत्र उद्धव यांचं, आराखडा त्यांचे पर्यावरणमंत्री चिरंजीव आदित्य यांच्या काळातला. दोन महिन्यांचं अंतर, घर एकच.

वरळी_नाका

त्या आराखड्याची अशी टर उडवण्याआधी वाचा तरी. देशाचं नेट झिरोचं (निव्वळ शून्य उत्सर्जनाचं) लक्ष्य २०७०, मुंबईने २०५० घेतलं. मुंबईच्या उत्सर्जनातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ७२ टक्के, वीज आणि इंधनाचा आहे हे पालिकेने स्वतः लिहून दिलं. त्याआधी कुठल्या पालिकेने लिहिलं होतं? जुलै २०२१ च्या ईव्ही धोरणात २०२५ पर्यंत नव्या नोंदणीपैकी १० टक्के गाड्या विजेच्या असं ठरलं. पर्यावरण खात्याच्या नावात 'वातावरणीय बदल' आलं. 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानामुळे ग्रामपंचायतींना गुण मिळायला लागले. आदित्य ठाकरे आवडो न आवडो, तोवर पर्यावरण खातं म्हणजे शिक्षा म्हणून दिलेलं खातं समजलं जायचं.

आरेबद्दलही बोला. ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीत दोन हजारांवर झाडं तोडली, ती सेना सत्तेत भागीदार असताना. पण मुख्यमंत्रिपद मिळाल्यावर त्यांनी काम थांबवलं आणि ८०० एकर राखीव वन केलं. शब्द पाळला.

चर्चगेट_स्लो

शब्द पाळला आणि मेट्रो लटकली! कारशेड कांजूरमार्गला नेलं, डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तिथलं काम थांबवलं, २०२२ ला नवं सरकार परत आरेत. माणसांना गाडीतून उतरवून मेट्रोत बसवणं हाच शहराचा सगळ्यात मोठा हवामान कार्यक्रम असतो हो. इकडे मेट्रो अडली आणि तिकडे सेनेच्याच पालिकेने समुद्रात १११ हेक्टर भराव घालून मोटारींसाठी कोस्टल रोड बांधला. वरळीच्या कोळ्यांना पुलाच्या दोन खांबांतलं अंतर ६० मीटरवरून १२० करून घ्यायला वर्षानुवर्षं भांडावं लागलं, ते खुद्द पर्यावरणमंत्र्यांच्या मतदारसंघात.

वरळी_नाका

पण १२० झालं ना शेवटी?

चर्चगेट_स्लो

झालं. कोळ्यांनी करून घेतलं.

इरई_काठ

मुंबई आणि कोकणवाल्यांनो, थोडं इकडेही पाहा. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. त्याशिवाय कोराडी, खापरखेडा. तुमचा सडा वाचला, तुमचा हापूस वाचला, तुमचं आरे वाचलं, चांगलंच झालं. एसी मात्र आमच्या कोळशावर चालतो. उन्हाळ्यात दोरीवरचं पांढरं धोतर संध्याकाळी काढलं तर झटकून घ्यावं लागते, राख बसलेली असते. विहिरीच्या पाण्यावर साय दिसते, म्हातारे हातानं बाजूला सारून बादली सोडतात.

सेनेनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये आदित्य ठाकरे नागपूरजवळच्या नांदगावला आले, राखेचा तलाव पाह्यला आणि तिथं राख टाकणं थांबवायला लावलं. मंत्री राखेच्या काठावर उभा राह्यलेला आम्ही क्वचितच पाहतो. पण तलाव बंद केला म्हणून राख व्हायची थांबत नाही, ती दुसरीकडे जाते. वीजनिर्मितीचे संच कोणते बंद होणार, कोणत्या साली, हे ना त्यांच्या वचननाम्यात ना दुसऱ्या कोणाच्या. जिथं आमदार जास्त तिथं निसर्ग जास्त, असा हा हिशेब आहे. विदर्भात सेनेचे किती, मोजा.

सड्यावरचा

हे मात्र लागलं. पण दादा, तुमच्याकडे राख आहे म्हणून आमच्याकडे अणुभट्टी घ्यायची, असं तर नाही ना म्हणत तुम्ही?

इरई_काठ

नाही. पण नको म्हणताना आमचंही नाव घ्या. 'जैतापूर रद्द करा' च्या फलकावर 'चंद्रपूरचे जुने संच बंद करा' अशी दुसरी ओळ असती तर मी स्वतः राजापूरला आलो असतो.

निवृत्त_फीडर

वीज कंपनीत नोकरी झाली, म्हणून थोडं लांबण लावतो.

जैतापूर सेनेने अडवलं, हा सेनेचाही गैरसमज आहे आणि धागाकर्त्याचाही. एप्रिल २०११ चा साखरी नाट्याचा, जैतापूरविरोधी आंदोलकांवरचा पोलिस गोळीबार, त्यात गेलेला माणूस, सेनेने पुकारलेला बंद, सगळं खरं. पण जमीन केव्हाच सरकारच्या ताब्यात गेली, कुंपणही झालं. प्रकल्प अडला तो दरावर आणि २०१० च्या नुकसानभरपाई कायद्यावर. अपघात झाला तर अणुभट्टी पुरवणाऱ्याची जबाबदारी किती, यावर फ्रेंच कंपनी आणि आपण वर्षानुवर्षं घासाघीस करत राहिलो. तीच भट्टी फ्रान्सनेही स्वतःच्या फ्लामाव्हिलला बांधायला २००७ मध्ये घेतली, ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. इथे अशा सहा बांधायच्या होत्या. त्या भरवशावर बसलो असतो तर कोळसा आज जितका जळतोय तितकाच जळला असता.

तेव्हा सेनेला धरायचं तर दुसऱ्या जागी धरा. अडीच वर्षं मुख्यमंत्री त्यांचा होता. ऊर्जा खातं काँग्रेसकडे होतं हे खरं, पण मंत्रिमंडळाचा प्रमुख कोण? शेतीपंपाला दिवसा वीज हा महाराष्ट्रातला सगळ्यात सरळ हवामान कार्यक्रम. गावाजवळ सौर प्रकल्प, त्याच उपकेंद्रातून शेतीचा फीडर (वेगळी वीजवाहिनी), ऊन असताना पंप चालू. कोळशाचा भार उतरतो, आणि बिबट्याच्या तालुक्यात माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन बारी धरायला जात नाही. योजना २०१७ ची, फडणवीसांच्या काळातली. तिला खरा जोर पुन्हा २०२३ मध्ये दिला तोही फडणवीसांनीच. मधल्या काळात सेनेला हा विषय स्वतःचा करता आला असता. शेतकरी त्यांचा, गाव त्यांचं, पण भाषणात आलं ते ईव्ही आणि आरे. मला विचाराल तर हा पक्ष पर्यावरणाचा विचार मुंबईच्या खिडकीतून करतो.

लोडशेडिंग

दराचा मुद्दा दमदार आहे. मग माझा प्रश्न असा: सौर दिवसाचं झालं, रात्री आठला सगळी मुंबई घरी येऊन दिवे लावते तेव्हा काय?

निवृत्त_फीडर

दुपारी स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडायचं. घाटघरला २५० मेगावॉटचं असं केंद्र २००८ पासून आहे. भिवपुरी आणि शिरवट्याला टाटांचे मिळून २,८०० मेगावॉटचे बेत आहेत. सह्याद्रीइतका सोयीचा उतार देशात फार थोड्या ठिकाणी.

सड्यावरचा

म्हणजे आता घाटात धरणं. तिथे राहणाऱ्यांना विचारलंय का कोणी?

इरई_काठ

आधी विचारा, मग बांधा. पण पहिला आंदोलक येण्याआधी सेनेनं आपली बाजू कागदावर लिहून द्यावी. हवं का नको, आणि नको असेल तर चंद्रपूरचा कोणता संच आणखी किती वर्षं चालवायचा तेही त्याच कागदावर.

वरळी_नाका

हाच कागद बाकीच्या पक्षांकडे मागितलाय का कधी?

इरई_काठ

मागितला. ते तर कोराडीत आणखी दोन संच घेऊन आले.