सप्लाय २४४० सीएफएम, रिटर्न १६८०: ॲनिमोमीटरचं कुठलं रीडिंग खरं?

महापे_मेन्टेनन्स:
महापे एमआयडीसीतल्या ऑफिसात ५.५ टनाचं डक्टेबल एसी युनिट आहे, म्हणजे हवा डक्टमधून (पत्र्याच्या मार्गाने) येते-जाते. सप्लायच्या, म्हणजे गार हवा खोलीत सोडणाऱ्या, ४ ग्रिल, प्रत्येकी ६०० × १५० मिमी. रिटर्नची, म्हणजे खोलीतली हवा परत ओढणारी, एकच जाळी, १२०० × ६०० मिमी, तिथून युनिटपर्यंत डक्ट. १०० मिमी पंखीचा ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारा मीटर) ग्रिलला टेकवून सरासरी ३.२ मीटर प्रति सेकंद मिळाली. ०.०९ × ३.२ × ४ = १.१५ घनमीटर प्रति सेकंद, त्याला २११९ ने गुणलं की २४४० सीएफएम (मिनिटाला घनफूट). रिटर्नला वेग १.१, म्हणजे १६८०. तापमान सप्लायला १४, रिटर्नला २४. यावरून कूलिंग जेमतेम ४ टन निघतं. फिल्टर धुतलेत, कॉइल (हवा गार करणारा भाग) स्वच्छ आहे, तरी दुपारी सगळ्यांना उकडतं. मीटर बिघडलाय की मशीन?

डक्टवाला_ऐरोली:
मीटरवर एवढ्यात शंका घेऊ नका. ग्रिलच्या पट्ट्यांमधून हवा चिंचोळ्या झोतांनी सुटते. पंखी टेकवलीत की ती झोताचा वेग दाखवते, आणि तुम्ही गुणता मात्र पट्ट्यांसकट पूर्ण क्षेत्रफळाने. आकडा फुगणारच. रिटर्नच्या जाळीत हवा चहूबाजूंनी सावकाश ओढली जाते, त्यामुळे तिथलं रीडिंग जास्त भरवशाचं. फक्त पंखी जाळीजवळच ठेवा, वीतभर मागे आलात तरी वेग झपकन पडतो.

सप्लायसाठी पुठ्ठ्याची नळी करा: आतून ६०० × १५०, लांबी ६०० मिमी. ग्रिलवर बसवून कडा मास्किंग टेपने बंद करा, फट राहिली तर मेहनत वाया. तोंडाशी ६ सारखे भाग पाडा, प्रत्येकात १५ सेकंद धरून सरासरी काढा. पंखीवरचा बाण हवेच्या दिशेने हवा. हात नळीच्या बाहेर, नाहीतर तोच हवा अडवतो. मीटरमध्ये क्षेत्रफळ भरत असाल तर चौरस फूट की चौरस मीटर हेही बघून घ्या.

थंडगार_ठाणे:
पुठ्ठ्याच्या नळीला माझाही पाठिंबा, पण सगळा फरक ग्रिलवर ढकलू नका. रिटर्न डक्ट कुठे फाटला असेल तर युनिट फॉल्स सीलिंगच्या वरची गरम, दमट हवा ओढतं. मग सप्लाय खरोखरच रिटर्नपेक्षा जास्त भरतो. हे तापमानावरून पकडता येतं: सीलिंगच्या वर, युनिटच्या तोंडाशी फिल्टरपुढे आणि रिटर्न जाळीवर, तिन्हीकडे मोजा.

क्रम मात्र हाच ठेवा, सप्लाय सगळ्यात शेवटी. १४ अंशांवर गार झालेलं सेन्सर पावसाळ्यात तसंच सीलिंगमध्ये नेलं तर त्यावर दव धरतं, आणि ओलं सेन्सर हवेचं खरं तापमान दाखवत नाही. प्रत्येक ठिकाणी आकडा अर्धा मिनिट ०.१ अंशाच्या आत स्थिर राहिला तरच लिहा.

दुसरं असं की तुमचे ४ टन म्हणजे फक्त हवा गार करण्याचं काम. हवेतली वाफ पाणी होते तिचा हिशोब त्यात नाही, आणि आपल्याकडे जुलैत तो मोठा असतो. कॉम्प्रेसर सलग चालू असताना अर्धा तास ड्रेनखाली बादली लावा. ताशी १ लिटर पाणी म्हणजे सुमारे ०.६८ किलोवॅट.

महापे_मेन्टेनन्स:
दोघांचेही आभार. नळी लावून सरासरी २.७ आली, म्हणजे एकूण २०६० सीएफएम. रिटर्न तेवढाच, १६८०. सीलिंगच्या वर ३४ अंश, युनिटच्या तोंडाशी २६, रिटर्न जाळीवर २४, सप्लाय १४. बादलीत अर्ध्या तासात ३.५ लिटर.

थंडगार_ठाणे:
मग मशीन दोषी नाही. २०६० सीएफएम म्हणजे ०.९७ घनमीटर. कॉइलवरचा फरक २६ वजा १४, म्हणजे १२ अंश. ०.९७ × १.२ × १२ = १४ किलोवॅट (१.२ म्हणजे एक घनमीटर हवा एका अंशाने गार करण्याचे किलोजूल). पाण्याचे ताशी ७ लिटर, म्हणजे ४.८. दोन्ही मिळून १८.८ किलोवॅट, म्हणजे ५.३ टन (१ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट). तुमच्या पहिल्या हिशोबात हवा जास्त धरली होती आणि फरक कमी, दोन चुकांनी एकमेकींना झाकलं.

आता गळती. तापमानावरून (२६ − २४) भागिले (३४ − २४), म्हणजे २० टक्के. हवेवरून २०६० वजा १६८० म्हणजे ३८०, भागिले २०६०, म्हणजे १८ टक्के. दोन वेगळ्या वाटांनी आकडा एवढा जुळतोय, त्यामुळे आता संशयाला जागा नाही. कॉइलचे २ किलोवॅटहून जास्त काम सीलिंगची हवा गार करण्यात जातंय, आणि तिच्यातला दमटपणा काढण्याचा खर्च वेगळाच.

डक्टवाला_ऐरोली:
आधी युनिट आणि रिटर्न डक्टमधला कॅनव्हास (दोघांना जोडणारं कापड) बघा, कंपनाने तो बहुधा पत्र्याच्या पट्टीजवळ, खालच्या कोपऱ्यात फाटतो. वरून दिसत नाही, युनिट चालू ठेवून टिश्यूची पट्टी जवळ न्या, जिथे आत ओढली जाते तिथे फट. फाटलेल्या कॅनव्हासवर टेप लावू नका, महिनाभरात सुटतो, सरळ बदला. डक्टच्या सांध्यांना सीलंट, वरून ॲल्युमिनियम टेप, पण पत्रा आधी पुसून कोरडा करा.

काम झाल्यावर युनिटच्या तोंडाशी आणि रिटर्न जाळीवर तापमान अर्ध्या अंशाच्या आत जुळायला हवं, आणि जाळीवर वेग १.३ च्या आसपास.