उ. : श्रेयस आणि मॉल

घाटकोपरचं श्रेयस हे एकपडदा थिएटर मॉलमुळे बंद पडलं, असं इथे कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटतं. महाराष्ट्र सरकारच्या 2001 च्या धोरणात मल्टिप्लेक्सना पहिली 3 वर्षं करमणूक कर पूर्ण माफ होता, एकपडदावाले मात्र तो भरतच होते; फटका तिथूनच बसायला लागला. घाटकोपरचा मॉल तर नंतर आला!

आम्ही एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गावर बसमधून उतरून धावत तिकीटखिडकी गाठायचो. जाळीतून हात आत घातला की गुलाबी, पातळ तिकीट नि सुटी नाणी एकदमच तळहातावर. अंधारात बॅटरीवाला ते टरकन फाडायचा. माझ्या आईकडे त्या अर्ध्या तुकड्यांचा अख्खा डबा होता. पडदा गेला, पण रिक्षावाल्याला अजूनही ‘श्रेयस सिग्नल’च सांगतो आम्ही.