मदत हवी आहे : आईला घेऊन नील बेटावर चार दिवस

आम्ही सांगलीचे. जानेवारीत आईला (वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय) अंदमानात नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर न्यायचंय. पळापळ नको, चार रात्री एकाच जागी. इथल्या दोन ट्रॅव्हलवाल्यांना विचारलं, दोघांचंही तेच: नील एक रात्र, बाकी सगळी धावपळ. म्हणून स्वतःच बुकिंग करतोय. विमानाची तिकिटं झालीत, जेवण शाकाहारी लागेल.

भरतपूर किनारा धक्क्याजवळ आहे, पण ओहोटीला तिथे प्रवाळाचे खडक उघडे पडतात. आईला फक्त घोटाभर पाण्यात उभं राहायचंय, कधीपासून म्हणतेय.

कुणी गुडघेदुखीच्या माणसाला नेलंय का? बोटीत चढता-उतरताना पायऱ्या किती, हात धरायला कुणी असतं का? आणि राहायला भरतपूर बरं की लक्ष्मणपूर?