तळपायाची गाठ: जाळण्याआधी तपासून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंत की तळपायावरची लालसर गाठ चामखिळीचं औषध लावून महिने झाले तरी जात नाही. ते औषध आधी थांबवा. आमच्या फोंड्याच्या मावशीचं असंच झालं होतं. टाचेच्या कडेला वाटाण्याएवढी गुलाबी, ओलसर गाठ आणि तिच्याभोवती चर खणल्यासारखी खोलगट कडा. कुळागरात अनवाणी फिरताना काटा रुतला असेल म्हणून वर्षभर कुरूपाच्या पट्ट्या लावल्या. चप्पल घासली की रक्त यायचं. एका डॉक्टरांनी तुकडा न तपासताच ती जाळली, तर परत उगवली! शेवटी पूर्ण कापून तपासायला पाठवली तेव्हा कळलं: पोरोमा, म्हणजे घामाच्या नलिकेच्या पेशींची साधी गाठ.

नुसतं बघून हिचं निदान पक्कं होत नाही. चामखीळ तशीच दिसते आणि रंग नसलेला मेलानोमाही (त्वचेचा घातक कर्करोग), याचीच मला तुमच्या बाबतीत काळजी वाटते. डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने अंदाज येतो, पण निकाल बायोप्सीचाच, म्हणजे तुकडा काढून तपासण्याचाच. पोरोमाचाही क्वचित कर्करोग होतो, म्हणून तो मुळापासून काढतात. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग विभाग आहे. याच आठवड्यात दाखवून या, आणि काय सांगितलं ते इथे नक्की लिहा.