जॉर्जियाने अजून किती वर्षं जिंकायचं? रग्बीतल्या खालच्या डिव्हिजनबद्दल प्रश्न

नेकरकाठी
नमस्कार मंडळी, मी तीन वर्षं हायडेलबर्गला आहे, मूळचा साताऱ्याचा, रग्बी म्हणजे काय हे इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. इथे मात्र रग्बीचे जुने क्लब आहेत आणि ऑफिसातला एक मित्र मला जर्मनीच्या मॅचला घेऊन गेला. जर्मनी हरणार हे शेवटच्या दहा मिनिटांत स्पष्ट होतं, तरी लोक जागेवरून उठून घसा फोडून ओरडत होते. मी विचारलं आता काय राहिलंय, तर म्हणाला सात किंवा त्याहून कमी पॉइंटांनी हरलो तर टेबलात एक पॉइंट मिळतो आणि तो एक पॉइंट आपल्याला खाली घसरण्यापासून वाचवू शकतो. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. ही खालची डिव्हिजन नेमकी चालते कशी आणि जॉर्जिया इतकी वर्षं इथे पहिली येते तर तिला सिक्स नेशन्समध्ये (इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, इटली यांची वरची स्पर्धा) का घेत नाहीत? रणजी ट्रॉफीत खालचा प्लेट ग्रुप जिंकला की वरच्या एलिटमध्ये जातात ना, मग इथे काय अडचण आहे?

स्क्रमहाफ_ठाणे
प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, मराठीत या विषयावर कोणी बोलत नाही. जरा मोठं लिहितो.

युरोपात सिक्स नेशन्सच्या खाली रग्बी युरोप चॅम्पियनशिप, तिच्याखाली ट्रॉफी आणि त्याखाली कॉन्फरन्स. चॅम्पियनशिपमध्ये २०२३ पासून आठ टीम आहेत आणि दोन वर्षांचा हिशोब एकत्र करून शेवटची टीम खाली जाते. २०२३ आणि २०२४ मिळून पोलंड खाली गेलं आणि २०२५ ला स्वित्झर्लंड वर आलं. म्हणून तुझा मित्र त्या एका पॉइंटसाठी ओरडत होता, पहिल्या वर्षी हरताना मिळवलेला पॉइंटसुद्धा दुसऱ्या वर्षी कामाला येतो.

त्याआधी पद्धत वेगळी होती आणि मला ती जास्त आवडायची. चॅम्पियनशिपची शेवटची टीम आणि ट्रॉफीची पहिली टीम यांची एकच मॅच, वरच्या टीमच्या घरी, जिंकेल तो वर. पोर्तुगालचंच बघ. २०१६ ला खाली घसरले, २०१७ ला ट्रॉफी जिंकून बेल्जियममध्ये जाऊन हरले, २०१८ ला परत जिंकून रोमानियात हरले, म्हणजे सलग दोन वर्षं दारापर्यंत जाऊन परत. २०१९ ला ती मॅच फ्रँकफर्टला जर्मनीशी, तुझ्यापासून तासाभरावर, आणि पोर्तुगाल ३७-३२ जिंकलं. पाच पॉइंटांचा फरक. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात दुबईत अमेरिकेशी शेवटच्या किकवर १६-१६ बरोबरी करून वर्ल्ड कपला गेले आणि ८ ऑक्टोबर २०२३ ला तुलूझमध्ये फिजीला २४-२३ हरवलं, वर्ल्ड कपमधला त्यांचा पहिला विजय. मी ती मॅच रात्री मोबाइलवर बघितली आणि मला सारखी फ्रँकफर्टची आठवण येत होती, ती मॅच हरले असते तर अजून एक वर्ष ट्रॉफीत, आणि मग ही पोरं एवढी टिकली असती का?

जर्मनीची दुसरी बाजू. फेब्रुवारी २०१७ ला रोमानियाला ४१-३८ हरवलं होतं यांनी. मग पैसे घालणारा मोठा देणगीदार आणि संघटना यांच्यात फाटलं, पहिल्या फळीचे खेळाडू बाजूला झाले आणि बरोबर एका वर्षाने त्याच रोमानियाकडून ८५-६. खालच्या डिव्हिजनमध्ये एक आधार गेला की टीम अशी कोसळते, टॉपच्या देशांना हे कधी भोगावं लागत नाही.

वाईचा_विन्या
जॉर्जियाबद्दल थोडं. तिकडे गावांत लेलो नावाचा जुना खेळ आहे, शुखुती गावात ईस्टरला सोळा किलोच्या आसपास वजनाचा चेंडू घेऊन दोन वाड्यांची माणसं एकमेकांवर तुटून पडतात, नियम जवळपास नाहीतच. ट्रायलाही, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवून पॉइंट मिळवतात त्यालाही, ते लेलोच म्हणतात. रग्बी त्यांना शिकवावी लागली नाही हो. जुलै २०२२ ला बटुमीत इटलीला २८-१९ हरवलं आणि त्याच नोव्हेंबरात कार्डिफला जाऊन वेल्सला १३-१२. याहून जास्त काय सिद्ध करायचं?

दादरची_मृणाल
मला थोडं वेगळं वाटतं. सिक्स नेशन्स ही वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेची स्पर्धाच नाहीये. ती त्या सहा देशांच्या युनियन्सची स्वतःची आहे, २०२१ पासून सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीचाही तिच्यात सातव्या हिश्श्याएवढा वाटा आहे. म्हणजे रणजीशी तुलना होत नाही, रणजी बीसीसीआयची आहे, ते नियम करतात आणि सगळे मानतात. इथे नियम करणारे आणि ज्यांना खाली जावं लागेल ते एकच आहेत! वेल्स २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षं शेवटचे आले. ते खाली गेले तर कार्डिफचं भरलेलं स्टेडियम आणि टीव्हीचा पैसा जाणार, आणि त्याच पैशावर तिथली खालची सगळी रग्बी उभी आहे. हे भय खोटं नाही.

आणि इटलीचंही बघा, २००० ला आत घेतलं, मधे सलग ३६ मॅच हरले, सगळे म्हणत होते काढा यांना. मार्च २०२२ ला कार्डिफला २२-२१ जिंकले आणि २०२४ ला स्कॉटलंड, वेल्स दोघांना हरवून फ्रान्सशी बरोबरी. त्यांना वेळ दिला म्हणून हे झालं.

स्क्रमहाफ_ठाणे
मृणालताई, पैशाचं मान्य. पण इटलीला बावीस वर्षं दिली तर जॉर्जियाला एक प्लेऑफ मॅच तरी द्या ना. वर्षातून एकदा, शेवटचा विरुद्ध जॉर्जिया, तेही शेवटच्याच्या घरी. जर्मनीच्या पोरांना तेच करायला लावलं होतं की. आणि वेळ दिला की टीम सुधारते हे खरं असेल तर तो वेळ जॉर्जियाला का नाही?
२०२६ पासून नेशन्स चॅम्पियनशिप आणि तिच्याखाली दुसरी डिव्हिजन अशी जागतिक रचना ठरलीये, पण वर-खाली होणं २०३० पासून. म्हणजे कार्डिफला जिंकलेल्या टीममधले बहुतेकजण तोवर रिटायर झालेले असतील. याचा मला खरंच त्रास होतो.

मैदानावरची_माती
आशियाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. २००८ ला एशियन फाइव्ह नेशन्स सुरू झाली, खाली डिव्हिजन एक, दोन, तीन, आणि दरवर्षी एक टीम वर एक खाली. फिलिपिन्स एकेक पायरी चढत २०१३ ला टॉप पाचात पोचलं. तिथे जपानकडून १२१-०! आकडा नीट वाचा. पण त्याच सीझनला दुबईत यूएईला हरवून ते टिकले आणि यूएई खाली गेलं. दुसरीकडे कुठे १२१-० हरलेल्या टीमचं वर्ष चांगलं गेलं म्हणता येईल का?

आपल्या मुलींनी २०१९ ला मनिलाला सिंगापूरला २१-१९ हरवलं, पंधराच्या खेळात भारताच्या मुलींचा पहिला विजय, आणि तो डिव्हिजन एकमध्येच मिळाला. पहिल्याच दिवशी जपानसमोर उभं केलं असतं तर काय शिकल्या असत्या? आपल्या बरोबरीच्या टीमशी खेळायला मिळालं म्हणून जिंकता आलं. पावसाळ्यात आझाद मैदानाशेजारी जिमखान्यावर चिखलात मॅच चालतात तेव्हा कधीतरी थांबून बघा, अर्धी लोकं नुसती रस्त्याने निघून जातात.

नेकरकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. फ्रँकफर्टच्या त्या मॅचबद्दल आज मित्राला विचारलं. तो तिथे होता म्हणे, शिट्टी वाजल्यावर बराच वेळ सीटवरून उठलाच नाही आणि समोर पोर्तुगालची पोरं मैदानात रडत होती. पुढच्या होम मॅचची दोन तिकिटं काढलीत, यावेळी बायकोलाही नेतोय.